सरकीची पिशवी

पुंजाजी बंदूक शिकवायला बसले की पहिला अर्धा दिवस बंदूक पेटीच्या बाहेर येतच नसे. आधी जमीन पाहायची. काळी आहे की मुरमाड, कोरडी आहे की ओलिताची. मग तिपाई. तिचे पाय किती फाकवायचे, त्यातला एक पाय नेमाच्या दिशेनंच का ठेवायचा, मधल्या आकड्याला दगडांची थैली का लटकवायची. शिकायला आलेले नवे वनरक्षक कंटाळून जांभया द्यायचे, साहेब लोक चहा मागवायचे, आणि पुंजाजी आपले तिपाईला टिचकी मारून ती किती वेळ थरथरते ते पाहत बसलेले. कोणी घाई केली तर म्हणायचे, "बंदूक हातानं नाई मारत बापा, जमिनीनं मारते. हात निरा चापापुरता."

मारणं म्हणजे जीव घेणं नव्हे हं. पुंजाजींच्या बंदुकीतून भुलीच्या औषधाची सुई सुटायची. मेळघाटात आणि पुढे अमरावतीच्या बचाव पथकात मिळून त्यांनी बावीस वर्षं हेच काम केलं. वस्तीत शिरलेलं अस्वल, गोठ्यात अडकलेला बिबट, तारेच्या फासात पाय सापडलेला रोही म्हणजे नीलगाय, जे असेल ते. सुई मांडीच्या जाड मांसात बसली पाहिजे. चार बोटं इकडे झाली तर पोटात, तिकडे झाली तर हवेत. म्हणून तर माणूस जमीन पाहत बसायचा. उगीच नाही.

आता या सगळ्यात एक पिशवी होती आणि गोष्ट तिचीच आहे. बंदुकीला पुढून दोन पायांचा टेका असतो. खात्यात त्याला बायपॉड म्हणत, पुंजाजी घोडी म्हणत. पालथं पडून नेम धरायचा तर पुढे घोडी, आणि मागे दस्त्याखाली, म्हणजे खांद्याला टेकतो त्या लाकडाखाली, एक लहान पिशवी. खांद्यानं पुढे जरासा रेटा द्यायचा म्हणजे घोडीचे पाय जमिनीत रुतून बसतात, आणि डाव्या मुठीत ती मागची पिशवी आवळली की दस्ता केसाकेसानं वर येतो, ढिली सोडली की खाली जातो. पुढचं नळीचं टोक त्याच्या उलट. लोकांचं सगळं लक्ष पुढच्या घोडीकडे. पुंजाजी सांगून सांगून थकले, की अरे, नेम बिघडतो तो मागून.

पहिल्यांदा त्यांनी पिशवीत रेती भरली. ती पावसाळ्यात दगड झाली. मग ज्वारी भरली, ती उंदरांनी खाल्ली. तेव्हा त्यांची बायको इंदूबाई म्हणाली, सरकी भरा. सरकीला कापसाची लव असते, दाणा दाण्याला धरून राहतो, घसरत नाही. कापूस वेचण्यात जिचा जन्म गेला तिला हे कोणी शिकवायला नको होतं. तिनं आपल्या निळ्या काठाच्या पातळाची पिशवी केली, वाकळीला घालतात तसा दुहेरी टाका घातला, आणि दरवर्षी माघात नवी सरकी निघाली की एक बाजू उसवून जुनी काढायची, नवी भरायची आणि परत शिवायची. पुंजाजी ड्युटीवर निघाले की ती पिशवीवर अंगठा दाबून पाहायची. अंगठा रुतला नाही की म्हणायची, जा आता.

तो अंगठ्याचा नियम पुढे पुंजाजींनी स्वतःचा म्हणून साऱ्या पथकाला शिकवला. अंगठा बुडला तर पिशवी फेका, मग ती कोणाचीही असो. बायकोचं नाव कधी सांगितलं नाही. आपल्या पुरुषांची जात अशीच.

इंदूबाई चार वर्षांपूर्वी गेली. साधा ताप म्हणता म्हणता आठ दिवसांत गेली. पुण्यानुमोदनाला सारी बार्शीटाकळी घरात जमली होती आणि पुंजाजी मागच्या खोलीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्या वर्षीचा माघ आला आणि गेला. पिशवी कोणी उसवली नाही. मुलगी दीपमाला, जी बापाच्याच खात्यात वनरक्षक लागली होती आणि बापाच्याच पथकात बंदूक धरू लागली होती, तिनं एकदा विषय काढून पाहिला. जुनी सरकी पोकळ होते, आईच म्हणायची, आपण उसवून नवी भरू. पुंजाजी असे भडकले की पोरीनं पुन्हा नाव काढलं नाही. "त्या टाक्याले हात लावायचा नाई," ते म्हणाले. "तिच्या हातचं एवढंच राह्यलं हाय."

आणि खरंच एवढंच राहिलं होतं. पातळं वाटून झाली, पापडाचा डबा संपला, लोणच्याची बरणी पुंजाजींनी दोन वर्षं पुरवून खाल्ली. राहिली ती पिशवी. ते रोज तिच्यावरून हात फिरवायचे. दाबायचे मात्र नाहीत. माणूस गेल्यावर त्याची वस्तू कोण दाबून पाहतो? कुरवाळतोच.

त्यात त्यांचा उजवा हात कापायला लागला. अकोल्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. निवृत्त झालेल्या माणसाला हात कापला काय आणि नाही काय, असं ते लोकांना म्हणायचे. घरी मात्र चहाची बशी अर्धी सांडली की बशीकडे पाहत बसायचे. बावीस वर्षं ज्या हाताची वाखाणणी झाली, तो हात आता शर्टाची गुंडी लावेना. मग सगळा जीव लेकीच्या हातात गेला. दीपमालाचा हात म्हणजे इंदूबाईचा हात, सुईत दोरा एका दमात ओवणारा. दोन वर्षांत तिनं सोळा जनावरं सुखरूप पकडली. प्रत्येक वेळी फोन यायचा, "बाबा, झालं." पुंजाजी "बरं" म्हणायचे, फोन ठेवायचे, आणि मग साऱ्या आळीला सांगत फिरायचे.

यंदाच्या माघात शेंदूरजनाघाटकडच्या एका संत्र्याच्या बागेत बिबट्याची मादी दिसली. डुकरांसाठी कोणीतरी क्लच वायरचा फास लावलेला, त्यात तिची मान सापडली होती. तिनं हिसडा देऊन वायर खुंटीपासून तोडली, पण फास गळ्यात तसाच आणि हातभर वायर मागे लोंबत. तीन दिवस ती त्याच बागेत बसून होती. गळा सुजला होता. दोन दिवसांत वायर काढली नाही तर मरेल, असं पथकाच्या डॉक्टर रागिणीबाईंनी सांगितलं. पथकाचे साहेब मनोजराव यांनी पुंजाजींना फोन केला. बाग दाट आहे, तुमचा अनुभव लागेल, तुम्ही नुसतं सोबत या म्हणाले. पुंजाजींनी पिशवी रुमालात गुंडाळली आणि पहिल्या बसनं निघाले.

बाग पाहताच त्यांनी तिपाई परत गाडीत ठेवायला लावली. मृग बहार धरलेला, फांद्या फळांनी कमरेखाली आलेल्या. उभ्यानं, बसून काही दिसायचं नाही. पालथं पडलं तरच फांद्यांच्या खालून बोगद्यासारखी मोकळी वाट दिसत होती आणि तिच्या त्या टोकाला, चाळीस पावलांवर, ती मादी. म्हणजे घोडी आणि पिशवी. जमीन ओलिताची, मऊ. पुंजाजींनी गोणपाटाची चार घडी घालून घोडीखाली दिली. दीपमालाला कुठं पडायचं, पाय किती फाकवायचे, टाचा जमिनीला कशा लावायच्या ते हळू आवाजात सांगितलं. पोरीला सगळं पाठ होतं, तरी ती ऐकत होती.

दीपमालानं आपल्या सॅकमधून खात्याची नवी पिशवी काढली. प्लास्टिकच्या मण्यांची, काळी, टणक. पुंजाजींनी रुमाल सोडला आणि निळ्या काठाची पिशवी पुढे केली.

साहेब होते, डॉक्टरबाई होत्या, गावचे चार जण जाळं धरून उभे होते. दीपमालानं आईची पिशवी हातात घेतली आणि शिकवल्याप्रमाणे अंगठा दाबला. मग तिनं बापाकडे पाहिलं.

पुंजाजी म्हणाले, "आईची हाय ते. दगा नाई द्यायची."

दीपमालानं काळी पिशवी बाजूला ठेवली आणि पालथी पडली.

मादी तोंड यांच्याकडे करून बसली होती. मांडी दिसेपर्यंत थांबणं आलं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. पुंजाजी लेकीच्या मागे गुडघ्यावर बसून तिच्या पाठीकडे पाहत होते. श्वास कसा चालला, खांदा कसा आहे. सगळं बरोबर होतं. फक्त डाव्या हाताची मूठ तिनं पिशवीभोवती फारच घट्ट आवळली होती, नखं पांढरी पडली होती. एवढी आवळू नये, हात मरतो, असं त्यांच्या मनात आलं. पण बोलायची ती वेळ नव्हती. चाळीसाव्या मिनिटाला मादी उठली, वळली आणि मांडी समोर आली. दीपमालानं अर्धा श्वास सोडला. त्याच वेळी पुंजाजींना दिसलं, बंदुकीचा दस्ता बोटाच्या पेरभर खाली बसला. आणि चाप ओढला गेला.

दस्ता खाली म्हणजे नळी वर. सुई मादीच्या पाठीवरून निघून गेली आणि मागच्या संत्र्यात रुतली.

मादी उधळली. दुसरी सुई भरायला वेळ लागतो, तेवढ्यात ती बागेच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे हद्दीच्या बांधापर्यंत, पोचली. धुऱ्याला काटेरी तार होती. ती तारेखालून निघून गेलीच असती, पण गळ्यातली लोंबणारी वायर काट्यात अडकली. तिनं ओढलं. जितकं ओढलं तितका फास आवळत गेला. माणसं धावली, मनोजराव पकड घेऊन धावले, डॉक्टरबाई सुई हातात घेऊन धावल्या. पोचेपर्यंत संपलं होतं. डॉक्टरबाईंनी तिला उताणी करून पाहिलं, आणि हळूच सांगितलं की तिला दूध होतं.

दुपारभर बाग धुंडाळली तेव्हा पाटाच्या कडेला पालापाचोळ्यात एक पिल्लू सापडलं. दुसरं असेल तर मिळालं नाही.

दीपमाला रडली नाही. तिनं बंदूक पुसली, पेटीत ठेवली, घोडी मिटवली. निळी पिशवी झटकली, रुमालात बांधली आणि बापाच्या हातात दिली. संध्याकाळी अमरावतीला कचेरीत जबाब झाले. तिनं दोन ओळींत लिहून दिलं, की नेम माझा चुकला, सामान मी स्वतः तपासलं होतं. मनोजरावांनी पुंजाजींना विचारलं, सामानात काही खोट होती का. पुंजाजींच्या डोळ्यांसमोर तो बसलेला दस्ता होता. पण तोंडातून निघालं, नाही, सामान चांगलं होतं. हे आपण काय बोललो, ते त्यांना बार्शीटाकळीच्या बसमध्ये बसल्यावर समजलं. खोटं बोलले ते पिशवीसाठी. लेक बाजूलाच उभी होती.

आठ दिवसांनी पथकातल्या एकानं फोन करून सांगितलं, की दीपमालाकडून बंदूक काढून घेतली आणि तिला रोपवाटिकेत पाठवायचा हुकूम निघाला. पुंजाजींनी लेकीला फोन लावला. ती म्हणाली, रोपं बरी असतात बाबा, जागची हलत नाहीत. एवढंच बोलली आणि गोळ्या घेतल्या का विचारून तिनं फोन ठेवला.

मग पुंजाजी पिशवी घेऊन अंगणात बसले. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिच्यावर अंगठा दाबला. अंगठा नखासकट आत गेला. आत काहीतरी कुरकुरलं, वाळक्या पानासारखं. ते तसेच अंगठा रुतवून बसून राहिले, आणि पोरीनं त्या दिवशी बागेत आपल्याकडे का पाहिलं होतं ते त्यांना समजलं.

टाका उसवायला त्यांना सारी सकाळ लागली. ब्लेड धरवेना. हात थरथरायचा, पातं दोऱ्यावरून घसरायचं. शेजारच्या जमुनाबाई मदत करू का म्हणाल्या, तर नाही म्हणाले. इंदूबाईचा टाका भलता चिवट. एकेक दोरा सुटत गेला तसे डोळे भरत गेले आणि मग दोरा दिसेना. शेवटी पिशवी उलटी केली, तर आतून सरकी आलीच नाही. आली ती पिवळट भुकटी, पोकळ टरफलं आणि मेलेले किडे. एक दाणा अख्खा सापडेना. किड्यांनी आतला गर कधीच खाऊन टाकला होता, आणि टरफलांच्या भरवशावर पिशवी भरल्यासारखी दिसत होती. पुंजाजींनी ती सगळी भुकटी कागदात बांधली. स्वतःला त्यांनी त्या दिवशी ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते अकोल्याला गेले. जिनिंगच्या बाहेर ढेपेच्या दुकानात नवी सरकी मिळाली. तिथून अमरावतीची गाडी धरली आणि थेट मनोजरावांच्या टेबलावर कागदाची पुडी सोडली. माझा जबाब बदला म्हणाले. पिशवी माझी, हट्ट माझा, खोटं मी बोललो, पोरीचा यात काही दोष नाही.

मनोजरावांनी टरफलं बोटानं चाळली. त्यांना बंदूक पुंजाजींनीच शिकवली होती. मग त्यांनी फाईल काढून दीपमालाचा जबाब समोर ठेवला. सामान मी स्वतः तपासलं होतं, ही तिची ओळ. तुमचा जबाब मी जोडतो, ते म्हणाले, पण तपासणारी तीच होती ना. अंगठ्याचा नियम कोणी शिकवला आम्हाला? पिशवी कोणाचीही असो, असं कोण म्हणायचं? ते रागानं बोलले नाहीत. त्यामुळे तर पुंजाजींना जास्त लागलं.

दीपमाला क्वार्टरवर होती. रोपवाटिकेतून नुकतीच आलेली, नखांत माती. बापाला दारात पाहून तिनं पाणी आणलं, पंखा लावला. पुंजाजींनी उसवलेली पिशवी आणि सरकीचं पुडकं खाटेवर ठेवलं. दीपमाला त्या रिकाम्या निळ्या कापडाकडे पाहत राहिली. चार वर्षं ज्याला हात लावायची चोरी होती, ते असं उघडं पडलेलं.

"तुले तवाच समजलं होतं," पुंजाजी म्हणाले.

"हो."

"मंग काहून नाई बोलली? काळी पिशवी बाजूलेच होती तुया."

ती नखातली माती काढत राहिली. "चार लोकांत तुमाले कसं म्हणू बाबा," ती म्हणाली, "का आई आतून सरून गेली म्हणून? मले वाटलं, मुठीत आवळून धरीन. धरली बी. चाळीस मिनिटं धरली. मंग हात मेला."

पुंजाजींना माफी मागायची सवय नव्हती, आणि मागून तरी काय, ती मादी उठून येणार होती का? पिल्लाला बाटलीनं दूध पाजतात म्हणे, पीत नाही.

शेवटी ते खाली बसले. पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरलं आणि म्हणाले, भर. हात कापत होते, पिशवीचं तोंड हलत होतं, थोडी सरकी फरशीवर सांडत होती. दीपमाला मूठमूठ भरत गेली, दर मुठीला ठोकून बसवत गेली, जशी आई बसवायची. मग तिनं सुईत दोरा ओवला. एका दमात ओवला. वाकळीचा टाका तिला येत होता, पण आईसारखा बारीक नव्हता, जरा लांब लांब पडत होता. पुंजाजी जुन्या टाक्यांची बाजू आणि नव्या टाक्यांची बाजू पाहत होते. त्यांनी काही नाव ठेवलं नाही.

शिवून झाल्यावर तिनं दोरा दातानं तोडला आणि पिशवी बापापुढे केली. पुंजाजींनी नाही म्हणून मान हलवली.

"तू दाबून पाह्य," ते म्हणाले.

तिनं अंगठा दाबला. सगळा जोर लावून दाबला, नख पांढरं होईपर्यंत. अंगठा रुतला नाही.

"घट्ट हाय बाबा," ती म्हणाली, आणि मग त्या अकरा दिवसांत पहिल्यांदा, पिशवी मांडीवर तशीच धरून, रडायला लागली.